डिचोलीचा कागद

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या बांद्याहून गोव्याची हद्द इतकी जवळ, की लहानपणी आम्ही पोरं भाड्याच्या सायकली घेऊन पत्रादेवीपर्यंत जायचो, पलीकडच्या टपरीवर सोडा प्यायचो आणि परत यायचो. 'परदेशात जाऊन आलो' असं एकमेकांना सांगायचो. तेव्हा तो परदेश उरलेला नव्हता. गोवा मुक्त होऊन वीस वर्षं होत आली होती. पण मोठ्या माणसांच्या बोलण्यात अजून 'पलीकडे' हा शब्द होता आणि तो आमच्या तोंडी बसला होता.

हे आठवायचं कारण माझा मुलगा. वय वर्षं सव्वीस. हॉटेलात नोकरी करतो. दोन वर्षं कळंगुटला काढली, मग आखातात जाऊन आला. २०२३ च्या पावसाळ्यात सुट्टीवर आला असताना रात्री जेवण झाल्यावर मला म्हणाला, "अब्बा, दादांचा जन्म कुठला?"

दादा म्हणजे माझे वडील. आम्ही भावंडं त्यांना बाबा म्हणायचो. ते २००९ साली गेले. मी म्हटलं, "डिचोलीचा."

"कुठल्या साली?"

"अडतीस."

तो म्हणाला, "मग अब्बा, दादा जन्मानं पोर्तुगीज. म्हणजे तुम्हीही होऊ शकता. आणि मीही."

मी हसलो. माझी आई दारात बसून सुपारी कातरत होती, तिनं अडकित्ता खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी बातमी गल्लीत पोचली. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "काय रे, तुझो बापूस फिरंगी होतो, आणि तू आमका कधी सांगूक नाय?"

श्रोतेहो, गोव्यातल्या मंडळींना यात नवीन काही वाटणार नाही. तिथं घराघरात हा विषय झालेला आहे. पण पलीकडच्या कित्येकांना तो ठाऊक नसतो, म्हणून थोडक्यात सांगतो. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा, दमण आणि दीव पोर्तुगालच्या ताब्यात होते. पोर्तुगालच्या दृष्टीनं ती वसाहत नव्हे, त्यांच्या देशाचाच भाग. त्यामुळे तिथं जन्मलेला माणूस पोर्तुगीज. भारतानं गोवा घेतला ही गोष्ट पोर्तुगालनं तेरा वर्षं मान्यच केली नाही. लिस्बनची हुकूमशाही १९७४ च्या एप्रिलमध्ये कोसळली, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला दिल्लीत करार झाला आणि मग त्यांनी भारताचं सार्वभौमत्व मानलं. पण माणसांवरचा हक्क सोडला नाही. किंवा असं म्हणू की, माणसांना त्यांच्यावरचा हक्क सोडायला लावलं नाही. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्याची नोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात चढवता येते. एकदा ती चढली की त्याच्या मुलाला आपली नोंद करता येते. मुलाची झाली की नातवाला. साखळीच आहे ती. मधली कडी निसटली तर पुढं जाणं अवघड होतं.

ही साखळी धरून हजारो गोवेकर युरोपात गेले. पोर्तुगालमध्ये राहिले थोडे. बहुतेकांनी तो पासपोर्ट घेऊन इंग्लंड गाठलं, कारण तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होतं आणि पोर्तुगीज पासपोर्टवर तिथं कामाला परवाना लागत नसे. स्विंडन नावाच्या गावात गोवेकरांची वस्तीच झाली. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन संघातून बाहेर पडलं, त्या वर्षाअखेर संक्रमणाचा काळही संपला, आणि नव्यानं जाणाऱ्यांसाठी तो दरवाजा लागला. तरी फ्रान्स, जर्मनी, आयर्लंड आहेतच. मुलाच्या डोक्यात आयर्लंड होतं.

वंशावरून नागरिकत्व देणारा पोर्तुगाल एकटा नाही, हेही सांगायला हवं. आजा किंवा आजी आयर्लंडच्या बेटावर जन्मलेली असेल तर आयरिश नोंद होते. इटलीत तर पिढ्यांना मर्यादाच नव्हती; २०२५ साली कायदा बदलला आणि त्यांनीही रेघ आजा-आजीपाशी ओढली. का कोण जाणे, अशा सरकारांचा हिशेब आजोबांपाशी येऊन थांबतो. बहुधा त्यांच्यापलीकडचं माणसाला आठवत नाही, म्हणून असेल.

तर, कागद शोधायला आम्ही डिचोलीला गेलो.

त्याआधी माझ्या आजोबांबद्दल सांगितलं पाहिजे. ते कल्हईवाले. पाठीवर भाता, पिशवीत कथील आणि नवसागर. डिचोली, साखळी इकडून निघायचं, दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी असं गावं घेत हिंडायचं आणि पंधरा-वीस दिवसांनी घरी. तांब्या-पितळेची भांडी जिथं, तिथं ते. हद्द कुठली आणि कोणाची, याची त्यांच्या धंद्याला फिकीर नव्हती. नाक्यावरच्या शिपायाच्या घरची भांडी फुकट कल्हई करून द्यायची, की झालं.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये ते बायकोमुलांसह बांद्याला, सासुरवाडीला आले होते. १५ ऑगस्टला देशभरातून आलेल्या सत्याग्रहींनी गोव्यात प्रवेश केला आणि पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं त्या दिवशी गेली. पंजाबातून आलेला करनैलसिंग बेनिपाल पत्रादेवीलाच पडला. बाबा तेव्हा सतरा वर्षांचे. बांद्याच्या रस्त्यावर पाण्याची कळशी घेऊन ते उभे होते. जाताना ज्यांना पाणी दिलं त्यातले काही जण येताना आडवे आले, असं ते सांगत. याहून जास्त ते कधी बोलले नाहीत. त्यानंतर सीमा बंद झाली आणि आजोबांचं घर पलीकडे राहून गेलं. सासुरवाडीच्या पडवीत त्यांनी भट्टी लावली ती लावलीच.

आता विचार केला की गंमत वाटते. कायद्याच्या भाषेत, सत्याग्रहींना पाणी देणारा तो पोरगा त्या दिवशी पोर्तुगीज प्रजाजन होता.

डिचोलीच्या कचेरीत बाई होत्या. मी नाव सांगितलं, साल सांगितलं. त्यांनी सूची काढली. 'एस' अक्षराखालची नावं खालपर्यंत पाहिली. शेख एकही नाही. माझा चेहरा पडला असावा. त्या म्हणाल्या, "एसांत मेळचें ना, एक्सांत पळयात." पोर्तुगीजमध्ये 'श' लिहायला एक्स वापरतात, हे मला तेव्हा कळलं. एक्सच्या पानावर शेखच शेख होते. सगळी आमची माणसं त्या एका अक्षरात दाटीवाटीनं बसली होती.

जाड पुठ्ठ्याची वही आली. शाई तपकिरी झालेली, अक्षर मात्र वळणदार. बाबांच्या नावातला 'ह' गायब होता, कारण पोर्तुगीज लोक ह उच्चारत नाहीत. आजोबांच्या नावाचंही तेच. मी म्हटलं, हे नाव आणि बाबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव एकाच माणसाचं हे लिस्बनला कसं पटवायचं? बाई म्हणाल्या, त्यासाठी प्रतिज्ञापत्र लागतं, सगळ्यांनाच लागतं. त्यांच्या बोलण्यात इतका सराव होता की मला धीर आला.

पानाची जशीच्या तशी नक्कल मिळते. तिला तिकडे 'तेओर' म्हणतात. ती हातात आली, पण वाचणार कोण? शेजारच्या हॉटेलात चहा पिताना कोणीतरी एका वृद्ध मास्तरांचं घर दाखवलं. पोर्तुगीज अमदानीत सेगुंद ग्राव झालेले. नव्वदीच्या आसपासचे. चष्मा पुसून, पान उन्हाकडे धरून त्यांनी सावकाश वाचायला सुरुवात केली आणि वाक्यावाक्याला मराठीत सांगत गेले.

जन्म रात्री दोन वाजता. घर अमुक वाड्यातलं. बाप, धंद्यानं धातूची भांडी दुरुस्त करणारा. आई, घरकाम. पुढं मास्तर थांबले आणि म्हणाले, "आता आजे-आज्या." त्या नोंदीत मुलाच्या बापाचे आईबाप आणि आईचे आईबाप, चौघांची नावं होती. श्रोतेहो, माझ्या पणजीचं नाव मला ठाऊक नव्हतं. बाबांनाही नसावं, ते तिला नुसतं 'बडी मा' म्हणत. आपल्याकडच्या कुठल्या कागदावर पणजीचं नाव येतं? सातबाऱ्यावर येत नाही, रेशनकार्डावर येत नाही. आणि इथं, एका परक्या सरकारच्या वहीत, ते पंच्याऐंशी वर्षं सुखरूप होतं. ते नाव मी नभोवाणीवर सांगणार नाही. घरच्यापुरतं ठेवलं आहे.

दोन साक्षीदार, एक हिंदू दुकानदार आणि एक ख्रिश्चन शिंपी. मग सह्या. कारकुनाची लफ्फेदार, शिंप्याची रोमन लिपीत. आणि त्यांच्या खाली, माझ्या आजोबांची.

मास्तर म्हणाले, "ही तुम्हीच वाचा. पोर्तुगीज नाही ही."

बाळबोध अक्षर. 'शेख' लिहून पुढं नाव. शिरोरेघ आधी ओढून घेतलेली, मग तिला अक्षरं टांगलेली. जागा संपली म्हणून शेवटचं अक्षर जरा खाली घसरलेलं. कल्हईवाल्याची ती सही मराठीत होती.

बाबा सांगायचे खरे, की त्यांच्या वडिलांना एका शेणवी पंतोजींनी ओसरीवर अक्षरं शिकवली होती. पंतोजींची भांडी ते फुकट उजळून देत. पोर्तुगीज राज्यात अशा खासगी मराठी शाळा पुष्कळ चालत, देवळाच्या मंडपात नाही तर कुणाच्या पडवीत. पण आम्ही ते गोष्ट म्हणून ऐकलं होतं. सही पाहिलेली नव्हती.

मी मराठीत कविता लिहितो त्याला पस्तीस वर्षं झाली. सोलापूरला १९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा मी बी. ए. ला होतो; त्या बातम्यांनी आमच्यासारख्या पोरांना केवढा तरी धीर दिला. तरी या पस्तीस वर्षांत एक प्रश्न मला चुकलेला नाही. कवितावाचन झालं की कोणीतरी प्रेमानंच विचारतं, "तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?" आणि कोणी म्हणतं, "तुमचं मराठी फार शुद्ध आहे हो." मी हसून वेळ मारून नेतो. मुलाला पोर्तुगीज करायला म्हणून मी जो कागद शोधायला गेलो, त्याच्या तळाशी या प्रश्नाचं उत्तर लिहिलेलं होतं, आणि ते माझ्या जन्माच्या तीस वर्षं आधी लिहून झालं होतं. लिस्बनला मात्र त्या सहीशी काही कर्तव्य नाही. त्यांना जन्मतारीख आणि जन्मगाव पुरे.

कागद मिळाला. आता प्रश्न माझ्या सहीचा आला.

वकिलानं सगळं समजावून दिलं. २०२३ साली त्यानं सांगितलेल्या वाटा दोन होत्या. (हे नियम बदलत असतात, तेव्हा माझ्या भाषणावर विसंबून कोणी अर्ज करू नये.) पहिली वाट सोपी. बाबांची नोंद लिस्बनला चढवायची, मग मी स्वतः पोर्तुगीज म्हणून नोंद करून घ्यायची, आणि मुलानं माझा मुलगा म्हणून. यात भाषेची परीक्षा नाही, काही नाही. दुसरी वाट, मुलानं मला वगळून थेट आजोबांवरून, नातू म्हणून अर्ज करायचा. २०२० पासून यासाठी पोर्तुगीज भाषेचं पुरेसं ज्ञान दाखवलं की पोर्तुगालशी नातं सिद्ध झालं असं मानतात. म्हणजे परीक्षा. वकील म्हणाला, "पहिलीच बरी. तुम्ही एक सही केली की पोराचं काम झालं."

एक सही. पण आपल्या राज्यघटनेचं नववं कलम आहे, आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचंही नववंच. आपखुशीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. दोन्ही ठेवता येत नाहीत. लिस्बनच्या वहीतली नुसती जन्मनोंद म्हणजे नागरिकत्व घेणं होतं की नाही, यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद चालला आहे. काही आमदारांच्या निवडीपर्यंत तो गेला. तिकडचं ओळखपत्र किंवा पासपोर्ट काढला की मात्र प्रश्न उरत नाही. भारतीय पासपोर्ट जमा करायचा, मतदारयादीतलं नाव काढायचं. मग हवं तर 'ओसीआय' कार्ड घ्यायचं, त्यावर आयुष्यभर इथं राहता येतं. पण मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. तेही कार्ड सहज मिळतं असं नाही. पासपोर्ट वेळेवर जमा न केल्यानं कित्येक गोवेकरांचे पासपोर्ट रद्द झाले आणि त्यांना जमा केल्याचा दाखला मिळेना. त्यावर एप्रिल २०२४ मध्ये केंद्रानं थोडी वाट काढून दिली.

या 'ओसीआय'बद्दल दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आंतोनियो कोश्ता २०१५ ते २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान होते. त्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं. जानेवारी २०१७ मध्ये ते भारतात आले तेव्हा आपल्या पंतप्रधानांनी त्यांच्या हाती हे कार्ड ठेवलं. आज ते युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत. आमच्या घरात नातू पोर्तुगीज व्हायला धडपडतो आहे, आणि तिकडं पोर्तुगालचा पंतप्रधान पूर्वजांच्या नावानं भारताचं कार्ड घेऊन गेला. साखळी दोन्हीकडून ओढता येते तर!

दुसरी गोष्ट जवळची आहे. माझ्या आईच्या माहेरचे, रत्नागिरीकडचे एक नातलग. त्यांचा आजा कराचीच्या गोदीत कामाला होता. फाळणी झाली, तो तिथंच राहिला, तिकडचा नागरिक झाला. बायकोमुलं मात्र रत्नागिरीत. पैसे यायचे, मग पत्रं, मग दोन्ही बंद. नातू इथं जन्मला, इथं शिकला, भारतीय पासपोर्टवर कॅनडाला गेला आणि तिकडचा नागरिक झाला. म्हातारपणी गावी येऊन राहावं म्हणून 'ओसीआय'चा विचार केला. कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे: स्वतः, आईबाप, आजे किंवा पणजे यांपैकी कोणीही कधी पाकिस्तान किंवा बांगलादेशचा नागरिक असेल तर हे कार्ड नाही. ज्या आज्याचं तोंडही त्यानं पाहिलं नव्हतं, तो आडवा आला. माझा आजा दार उघडतो आणि त्याचा लावून घेतो, आणि दोघांनीही आयुष्यात केलं काय, तर पोटासाठी जायचं तिथं गेले.

मला वाटायचं, हे आजोबा-प्रकरण परक्या देशांचंच. पण वकिलाकडून आल्यावर वाचनालयातून घटना आणली आणि वाचत बसलो. आपल्या घटनेत आजोबा आहेत. सहाव्या कलमात आहेत, फाळणीनंतर तिकडून इकडे आलेल्यांसाठी. आठव्यात आहेत, परदेशी राहणाऱ्या भारतीयांसाठी. स्वतः किंवा आईबापांपैकी कोणी किंवा आजा-आजींपैकी कोणीही भारतात जन्मलेलं असलं पाहिजे, अशी ती भाषा आहे. आणि बाबा भारतीय झाले तेही असेच. मार्च १९६२ मध्ये केंद्र सरकारनं गोव्यासाठी नागरिकत्वाचा आदेश काढला. ज्याचा स्वतःचा, आईबापांपैकी एकाचा किंवा आजा-आजींपैकी एकाचा जन्म गोवा, दमण, दीवमध्ये २० डिसेंबर १९६१ च्या आधी झाला, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक मानला जाईल. ज्याला नको असेल त्यानं महिन्याभरात लेखी कळवावं. बाबांनी काही कळवलं नाही. त्यांना आदेश निघाल्याचंही माहीत नसणार. ते तेव्हा राज्य परिवहनच्या सावंतवाडी आगारात कंडक्टर म्हणून नुकतेच लागले होते. एके सकाळी ते बांदा-सावंतवाडी गाडीची तिकिटं फाडत असताना कायद्यानं भारतीय झाले आणि त्यांना पत्ता नव्हता.

कागद न मागता असं एका रात्रीत नागरिकत्व देणारं सरकारही हेच, आणि आसामात ३१ ऑगस्ट २०१९ ला जी यादी लागली तिच्यातून एकोणीस लाखांहून अधिक माणसं बाहेर राहिली, तेही याच देशात. तिथंही मागितले गेले होते बाप-आज्यांचेच कागद, २४ मार्च १९७१ पर्यंतचे. नावातलं एखादं अक्षर चुकलं म्हणून माणसं दारोदार फिरली. ते सगळं वाचत होतो तेव्हा मला माझ्या घरातल्या नावांची चिंता वाटायची, हे लपवून काय करू? बाबांच्या नावातला 'ह' एका कागदावर आहे, एकावर नाही. लिस्बनसाठी प्रतिज्ञापत्र करता करता मी त्याची एक जादा प्रत करून कपाटात ठेवली आहे.

तर सही. मी तीन आठवडे काही बोललो नाही. मुलगा विचारायचा नाही, पण ताटावरून उठताना जरा थांबायचा.

सही केली नाही, असं सांगितलं की काही लोक पाठ थोपटतात. "शाब्बास, देश सोडला नाहीत." मला ती थाप नको असते. गोव्यातल्या माझ्या ख्रिश्चन मित्रानं पासपोर्ट बदलला तेव्हा लोक म्हणाले, नशीब काढलं. एका हिंदू ओळखीच्यानं बदलला, तर म्हणाले, पोरांचं कल्याण केलं. मी बदलला असता तर काय म्हणाले असते ते मला माहीत आहे, आणि तुम्हालाही. आणि नाही बदलला तर त्याचं प्रमाणपत्र देतात. माझ्या वाट्याला दोन्हीकडून निकालच. साधा निर्णय घ्यायची मोकळीक मला हवी होती, इतर बापांना असते तशी.

म्हणून खरं कारण सांगतो. ते फार मोठं नाही. मी तालुक्याच्या वाचनालयात काम करतो. मत द्यायला मी सकाळी पहिल्या पाचांत असतो, ती बाबांची सवय. पंचायतीच्या निवडणुकीत एका मतानं माणूस पडलेला मी पाहिला आहे. आणि फॉर्मवर 'राष्ट्रीयत्व' या शब्दापुढे दुसरं काही लिहून खाली सही करायची वेळ आली, तेव्हा त्या तपकिरी शाईतली घसरलेली अक्षरं डोळ्यांपुढे आली. मी सही मराठीत करतो. बँकेतही. ती तिथं उमटेना.

पण मुलाला अडवायचा मला काय हक्क? माझ्या आजोबांनी पोटासाठी हद्द ओलांडली, ती विचारून नाही. इथं त्याला पगार किती मिळतो ते मला ठाऊक आहे. मी त्याला म्हटलं, "मी सही करत नाही. पण दादांचा कागद तुझा आहे. दुसऱ्या वाटेनं जा." तो चिडला. साहजिक होतं. एका सहीचं काम, आणि मी त्याला परक्या भाषेच्या परीक्षेला बसवत होतो. दोन दिवस तो धड बोलला नाही. त्याच्या आईनं मला जे सुनावलं ते इथं सांगत नाही. त्यातलं बरंच बरोबर होतं.

मग तो पणजीला जाऊन वर्गात नाव घालून आला.

आता सुट्टीवर आला की घरात पोर्तुगीज चालू असतं. पहिल्या आठवड्यातच येऊन म्हणाला, "अब्बा, अर्धं तर मला येतंय." चावी त्यांची, बादली त्यांची, बिजागरी त्यांची. घमेलं, परात, फीत, बटाटा, कोबी, पाव, लिलाव. तुरुंगसुद्धा त्यांचा. आणि पगारही त्यांचाच शब्द, हे कळल्यावर तो खूप हसला. म्हणाला, शब्द ठेवून गेले आणि पगार घेऊन गेले. क्रियापदं मात्र छळतात त्याला. भूतकाळच दोन-तीन प्रकारचे, कुठला कधी वापरायचा ते समजत नाही. मी त्याला पाठांतराच्या जुन्या युक्त्या सांगतो, तो ऐकत नाही.

परवा पडवीत बसून नात्यांचे शब्द घोकत होता. आजोबा आणि आजी यांना त्यांच्याकडं जवळजवळ एकच शब्द आहे. शेवटचा ओ आखूड, तोंड मिटतं ठेवून म्हटला की आजोबा. तोंड उघडून म्हटला की आजी. 'अवो' आणि 'अवॉ'. त्याला फरक जमेना. पुन्हापुन्हा म्हणत होता, अवो, अवो, अवॉ, अवो. आई नेहमीसारखी दारात बसली होती. ऐंशी ओलांडलेली, कानानं कमी ऐकते. तिनं विचारलं, "कुणाला हाका मारतोयस?"

तो म्हणाला, "दादी, पोर्तुगीजमध्ये दादांना असं म्हणतात."

आई म्हणाली, "त्यात शिकायचं काय? मी जन्मभर त्यांना अवोच म्हणत आले."